माणशी रोज तीन नोंदी

आधी आमच्या हेडमिस्त्रींचं सांगतो. पुसेगावकडचा माणूस, हातपंप दुरुस्त करणाऱ्या आमच्या टोळीचा मुख्य. ते नसते तर मी त्याच वर्षी गाठोडं बांधून कोकणात परतलो असतो, आणि तिकडे माझ्यासाठी कुठलंच काम थांबलेलं नव्हतं.

दुष्काळानंतर हिंगोली भागात गावोगाव हातपंप बसले, तसे ते बिघडूही लागले. मी चौथीतून शाळा सोडलेला, रोजंदारीवर. दिवसभर लोखंडी पाईप उपसल्यावर पेन धरायला बोटं वळायची नाहीत. अशात नव्या साहेबांनी हुकूम काढला : पंप कशानं बिघडला, कसा दुरुस्त केला, याच्या माणशी रोज तीन नोंदी. पुढच्या माणसाला शिकायला होतील म्हणाले. हेतू चांगलाच होता, नाही कसं म्हणू? पण महिनाअखेर ज्याच्या नोंदी सर्वांत कमी, तो रोजंदारीवाला घरी. 

दिवसाला एक पंप झाला तरी पुष्कळ. तीन नोंदी आणायच्या कुठून? मग टोळीनं सोपी वाट धरली. ‘वायसर बदलले.’ वायसर म्हणजे पंपातली चामड्याची चकती. झाली नोंद. औंढ्याजवळ तुटलेला रॉड बोअरमधून काढताना जीव निघाला, त्याचंही ‘वायसर बदलले’. खरं लिहायला पानभर लागलं असतं, आणि ती एकच नोंद धरली असती.

मग एका सकाळी स्टोअरचा ट्रक आला. आत चामड्याच्या वायसरांची पोती. रॉड एकही नाही. नोंदी वाचून वरच्यांनी आमची गरज ओळखली होती.

“आता काय चपला शिवायच्या काय ह्याच्या?” एकजण म्हणाला. कुणी फारसं हसलं नाही. हट्टा गावचा पंप रॉडवाचून उघडा पडला होता.

नोंदी खोट्या निघाल्या म्हणून साहेब संतापून आले. कागद चाळले आणि माझ्याकडे बोट केलं. “त्यातही सर्वांत कमी याच्या.”

मिस्त्री हात पुसत उठले. “न्हाई साहेब. सगळ्यात कमी माझ्या. म्या एकबी लिहिली न्हाई. काढायचं तं आधी मला काढा.”

“तुम्ही पर्मनंट आहात.”

“मंग तं गुन्हा जास्तच झाला की!”

साहेब खाली बसले. आवाज एकदम दमलेला. “अहो, मलाही वर आकडा द्यावा लागतो.”

“द्या ना. हप्त्याला माणशी एक. पण बराबर, जसं झालं तसं. आन् लिहायला कामातलाच येळ द्या. दिवसभर पाईप उपसून हे पोरगं रातच्याला काय लिहिन?”

“बघू महिनाभर,” साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी मला लिंबाखाली बसवलं. “लेकरा, आधी मला सांग काय झालं. मंग तेच लिही.” मी औंढ्याचा रॉड सांगितला, मग लिहिला. अर्धी दुपार गेली, कुणी ओरडलं नाही. साहेबांनी ती नोंद वाचून रॉड मागवले. मला कामावर ठेवलं. तरी महिनाअखेर आली की अजून जेवण जात नाही.

मिस्त्रींनी स्वतः कधीच लिहिलं नाही. “माझ्या ध्यानात हाय,” म्हणायचे. आता ते गावीच असतात. एक दिवस रजा काढून जाईन, त्यांच्यापुढं बसेन, आणि ते सांगतील ते सगळं त्यांच्या नावानं लिहून काढीन. उपकार त्यानं फिटायचे नाहीत. पण तेवढं मी करणारच.