तीन सुतांची पट्टी

मधमाश्यांच्या पेटीवर दुसरा मजला कधी चढवायचा, हे मी पुष्कळांना शिकवलं. फैजपूरला शाळेत विज्ञान शिकवायचो. निवृत्त झाल्यावर घरामागे पेट्या ठेवल्या आणि आजूबाजूचे शेतकरी विचारायला येऊ लागले. माझा नियम मला पाठ होता. खालच्या पेटीतल्या, पोळं बांधायच्या दहा चौकटींपैकी आठ दोन्ही बाजूंनी माश्यांनी झाकलेल्या हव्यात, चौकटींच्या माथ्यावर नवं पांढरं मेण दिसायला हवं आणि सकाळची थंडी मोडलेली हवी. उशीर केला तर जागा पुरत नाही आणि निम्म्या माश्या राणीला घेऊन उडून जातात. घाई केली तर ऊब रिकाम्या मजल्यात निघून जाते आणि खाली पिल्लं गारठून मरतात.

एवढं माहीत असून मी घाई केली. त्याचा दोष मी ज्यांच्यावर ढकलला, ते आता नाहीत.

ते सावद्याचे सुतार. माझ्याच वयाचे, मुसलमान. मी त्यांना मिस्तरी म्हणायचो, ते मला सर. माझ्या सगळ्या पेट्या त्यांच्या हातच्या. खालच्या चौकटींचा माथा आणि वरच्या चौकटींचा तळ यांच्यात फट किती, यात पेटीचं मर्म असतं. ती तीन सूत हवी. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेवढ्या फटीतून माशी ये-जा करते आणि ती मोकळी ठेवते. फट त्याहून मोठी झाली की तिथेही पोळं बांधते. हे मीच मिस्तरींना सांगितलं होतं. त्यांनी शिसवीची एक पट्टी बरोबर तीन सुतांची तासून घेतली. ती त्यांच्या कानामागे, पेन्सिलीच्या शेजारी असायची. पेटी पुरी झाली की पट्टी फटीत सरकवायची, ती अडकली नाही आणि हललीही नाही की म्हणायचे, "झालं. आता माशी जाणे."

त्या पौषात शिंदखेड्याकडचे काही शेतकरी माझ्याकडे येणार होते. ते कांद्याचं बियाणं करायचे. कांद्याच्या फुलावर माशी फिरल्याशिवाय बी धरत नाही, म्हणून त्यांना पेट्या हव्या होत्या. मला त्यांना दुमजली पेटी दाखवायची होती. माझी सगळ्यात चांगली वसाहत तेव्हा पाच चौकटींवर होती. थंडी कडक होती. मी मिस्तरींना वरचा मजला घेऊन बोलावलं.

"खालचं घर भरलं का, सर?" त्यांनी विचारलं.

"भरेल."

"भरेल म्हणजे भरलं नाही. घरात माणसं दोन आन् तुम्ही माडी बांधता. भाडेकरू ठेवता का काय?"

मी हसलो आणि मजला चढवला.

आठ दिवसांनी शेतकरी आले. पेटीच्या दाराशी, माश्या उतरतात त्या फळीवर, पांढरी मेलेली पिल्लं पडली होती. माश्या आतून आणखी ओढून आणत होत्या. पाहुण्यांतले एक वयस्कर गृहस्थ वाकले. बाकीचे त्यांना आबा म्हणत होते.

"हाई काय शे, सर? बठ्ठा पिल्ला मरेल दिसतंस."

मिस्तरी माझ्या शेजारीच उभे होते. चहाचा कप त्यांच्या हातात होता. मी म्हणालो, "फट अरुंद राहिली. माश्यांना वर जाता येईना, आत कोंडमारा झाला. सुताराच्या मापात चूक झाली."

शास्त्र म्हणून या वाक्यात काही अर्थ नव्हता. पण तिथे हे कळणारा मी एकटाच होतो.

मिस्तरींनी कप खाली ठेवला. कानामागची पट्टी काढून बोटांत फिरवली. "पट्टी तर तीच होती," ते म्हणाले. मग पाहुण्यांकडे बघून, "असेल. नजर कमी झाली असेल माझी."

माझं वाक्य त्यांनी स्वतः पुरं केलं. मला काहीच करावं लागलं नाही.

शेतकऱ्यांनी तरी पेट्या घेतल्या. वरचे मजले मात्र दुरुस्त मापाचे हवेत, असं बजावलं. दुसऱ्या दिवशी मिस्तरी पट्टी घेऊन माझ्याकडे आले. "ही ठेवा तुमच्याकडे. बरोबर मापाची तुम्हीच करून द्या."

तेव्हा बोलायला हवं होतं. दारात आम्ही दोघंच होतो. मी आत गेलो, लाकडाचा तुकडा घेतला आणि फट अरुंद होती हे खोटं टिकावं म्हणून चार सुतांची पट्टी करून त्यांच्या हातात दिली. एका सुताने काय होणार, असं मी मनाला सांगितलं. काय होणार ते मला माहीत होतं. मी ते शिकवत होतो.

फाल्गुनात शिंदखेड्याला कांदा फुलला. त्या लोकांनी माझा नियम अक्षरशः पाळला. आठ चौकटी भरल्या, थंडी गेली, मग मजले चढवले. माझ्यासारखी घाई त्यांनी केली नाही. माश्यांनी त्या चार सुतांच्या फटीत पोळं बांधलं आणि दोन्ही मजले एकमेकांना जोडून टाकले. तपासायला वरचा मजला उचलला की पोळी फाटायची. मध खाली गळायचा, त्यात माश्या बुडायच्या. बऱ्याच पेट्यांत राणी चिरडली. मधाच्या वासाने एका पेटीच्या माश्या दुसरीवर तुटून पडल्या.

त्यांनी मजले छोट्या टेम्पोतून आणले आणि मिस्तरींच्या दुकानासमोर उतरवले. मला निरोप आला म्हणून मीही गेलो. आबा दुकानाच्या पायरीवरून म्हणाले, "मिस्तरी, तू खाट बनाव बाबा. माशीनं घर तुनं काम नही."

रस्त्यावरचे लोक हसले. मिस्तरींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी फाटलेलं पोळं निरखत राहिलो.

नंतर ते जळगावला जाऊन डोळे तपासून आले. तिथून थेट माझ्या घरी आले. "डॉक्टर म्हणतात, नजर चांगली आहे. मग सर, माझी पहिली पट्टी बरोबर नव्हती का?"

"वय झालं, मिस्तरी," मी म्हणालो. "हात थोडा हलत असेल."

वर्षभराने पुन्हा आले, तोच प्रश्न घेऊन. मी तेच उत्तर दिलं. त्यांची ती पहिली पट्टी त्या वेळी माझ्या टेबलाच्या खणात होती.

त्यांचं काम मंदावत गेलं. एक दरवाजा दहादा मोजायचे, तरी गिऱ्हाईकाला म्हणायचे, तुम्ही एकदा बघून घ्या. असं म्हणणाऱ्या सुताराकडे कोण जातं? पुढे ते केळीच्या झाडांना टेकू द्यायचे बांबू तेवढे तोडून द्यायला लागले. त्याला माप लागत नाही. दोन वर्षांपूर्वी गेले.

मी या वर्षी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीला मी भाभी म्हणतो. त्यांच्यासमोर पट्टी ठेवली आणि सगळं सांगितलं.

"जेवताना स्वतःचा हात बघायचे," त्या म्हणाल्या. "हलतो का म्हणून मला विचारायचे. मी म्हणायची, नाही हलत. तर म्हणायचे, तुला काय कळतं, सर सांगतात."

मी माफी मागितली.

"मला कशाला सांगता? ज्यांच्यासमोर बोललात, त्यांना सांगा. आन् ही घेऊन जा. ते विचारत होते तेव्हा द्यायची होती."

मग मी शिंदखेड्याला गेलो. आबा आता खाटेवरच असतात. पेट्यांची गोष्ट त्यांना आठवेना. बऱ्याच वेळाने चेहरा उजळला. "सावदाना तो आंधळा मिस्तरी ना?"

"आंधळे नव्हते, आबा. माप बरोबर होतं. खोटं मी बोललो."

"जाऊ द्या, सर. आते कोन इचारस?" असं म्हणून त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला.

तिथे मिस्तरींना सगळे आंधळा मिस्तरी म्हणूनच ओळखतात. आबांच्या सुनेनेही तेच नाव घेतलं आणि तिने तर त्यांना कधी पाहिलेलंही नाही. म्हणून हे लिहितो आहे. सावद्याच्या मिस्तरींची नजर चांगली होती आणि हात स्थिर होता. त्यांची पट्टी तीन सुतांचीच होती. मी ती आज पुन्हा मोजली. चार सुतांची मी करून दिली होती.