भाच्याच्या लग्नातली लाल गाडी

हसायचं तर आत्ताच हसून घ्या. मधे कोणी हसलं तर मी उठून जाईन, सांगून ठेवतो.

माझ्या भाच्याचं, रोहनचं लग्न. वऱ्हाड आमच्या कोन गावावरून वडप्याला, नवरीच्या गावी जायचं. ताई म्हणाली, "नवरदेवाची गाडी मामानंच ठरवायची." झालं! मला एक मिनिट शांत बसवत नाही, तसाच उठलो.

कल्याणला एक जण लग्नाला गाड्या भाड्याने देतो. एक गाडी जुन्या जमान्यातली, टप मागे घडी होणारी, मागची सीट सोफ्यासारखी ऐसपैस. दुसरी लाल स्पोर्ट्स कार, चालू केली की छातीत धडधड. मी जुन्या गाडीचा भोंगा वाजवला, टायरला लाथ मारली. म्हटलं, ही म्हातारी वाटेत बसली तर मुहूर्त काय तिच्यासाठी थांबणार? लाल पक्की. एसी बघितला, चाकं बघितली. सीटा तेवढ्या मोजल्या नाहीत.

लग्नाच्या दिवशी ड्रायव्हर बसला, शेजारी रोहन बसला. गाडी भरली. बाहेर रोहनची बहीण पिंकी, करवली, हातात कऱ्हा घेऊन उभी.

"मामा, मी कुठं बसू?"

"बसमधे बस ना."

"करवली नवऱ्याच्या बाजूलाच बसते. न्हायतर मी येतच न्हाय."

मी ड्रायव्हरला म्हटलं, "तू उतर, गाडी मी चालवतो."

"साहब, ये गाडी मेरे सिवा कोई नहीं चलाएगा."

ताईच्या डोळ्यांत पाणी. "अरं बाळ्या, करवली पण ध्यानात न्हाय तुझ्या? माझ्या पोराचा मुहूर्त घालवतोस काय?"

मुहूर्ताला पाऊण तास. माझ्या आत-बाहेर बारा फेऱ्या झाल्या असतील. शेवटी स्कूटर काढली. पुढे मी, मधे नवरदेव, मागे कऱ्हा सांभाळत पिंकी. वाऱ्याने रोहनचा फेटा उडायला लागला, म्हणून तो काढून त्याला माझं हेल्मेट घातलं. ड्रायव्हरला सांगितलं, रिकामी गाडी घेऊन मागून ये, निदान फोटोत तरी दिसेल.

हायवेवरच्या कंटेनर ट्रकांच्या मधून आम्ही सटासट निघालो. लाल गाडी प्रत्येक खड्ड्यापाशी थांबून विचार करत होती.

मंडपाच्या दारात नवरीकडच्या माणसाने अडवलं. "स्कूटर तिकडं लावा. नवरदेवाची लाल गाडी येतेय."

"अहो, नवरदेव हाच, माझ्या मागे बसलाय."

"काका, मस्करी मागून करा. बाजूला व्हा आधी."

तेवढ्यात गाडी आलीच. बँड धावला. आत एकटा ड्रायव्हर, आणि त्याला सकाळी ताईनेच मानाचा फेटा बांधलेला. नवरीच्या आत्याने रोहनला कधी बघितलेलं नव्हतं. "जावई स्वतः गाडी चालवत आला गो," म्हणत तिने त्याला ओवाळलं, कुंकू लावलं, तोंडात पेढा घातला. तोही मान खाली घालून सगळं करून घेत होता.

नवरीचे वडील धावत आले, त्यांनी रोहनचं हेल्मेट काढलं, तेव्हा कुठे उलगडा झाला. दोन मिनिटं राखून अक्षता पडल्या. ताई मात्र महिनाभर बोलली नाही.

आता गावात कोणाचंही लग्न ठरलं की गाडी बघायला मला आवर्जून नेतात. मानाने चहा पाजतात, दोन गाड्या दाखवतात, "मामा, कुठली घेऊ?" विचारतात. मी बोट दाखवतो, आणि ते दुसरी ठरवून येतात.