पडद्यावरून गेलेला पंखा

“मॅडम, तो पंखा पडद्यावरनं गेला. म्हंजे लावायचा न्हाई ना?”

सफाई कामगार दत्ताने हे विचारलं तेव्हा मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होते. हात तिथेच थांबले.

मी पुण्यातल्या एका पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकवते. आमच्या मुलांनी सोसायट्यांमधल्या कामगारांसाठी सुरक्षिततेचं प्रेझेंटेशन बनवलं होतं. त्या दिवशी ते मांजरी भागातल्या एका सोसायटीत दाखवलं. तिथे पावसाचं पाणी साठवायची जमिनीखालची टाकी होती, बरेच महिने बंद. अशा टाकीत गाळ कुजतो, हवा विषारी होते. म्हणून आधी ब्लोअरने, म्हणजे मोठ्या पंख्याने, आत ताजी हवा सोडायची. माणूस वर येईपर्यंत तो चालूच ठेवायचा.

बऱ्याच जणांना वाचणं जड जायचं, म्हणून सगळी भिस्त चित्रांवर. मी मुलांना एकच नियम घालून दिला होता. जे करायचं, ते चित्र डावीकडून येईल आणि थांबेल. जे करायचं नाही, ते गरगर फिरून नाहीसं होईल. चित्र येतं ती एन्ट्रन्स, जातं ती एक्झिट. विडी आली, फिरली, गेली. कमरेची दोरी आली, थांबली. कामगार पटापट ओळखायला लागले. शेवटच्या स्लाइडला मला सोसायटीच्या सेक्रेटरींनी बाहेर बोलावलं. ती स्लाइड टाकीची होती.

“तन्मय, पंख्याला एक्झिट कुणी लावली?” मी स्लाइड्स बनवणाऱ्या मुलाला विचारलं.

“मी, मॅम. सकाळी. पंखा आहे ना, म्हणून स्पिन केला. पुढच्या चित्राला जागा हवी होती, मग काढला. भारी दिसत होतं.”

मी हॉलभर नजर फिरवली. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

“दत्ता, बाकीचे कुठे गेले?”

“टाकीवर. आजच साफ करायची हाय नव्हं? सोपान उतरला आसंल.”

मी धावत सुटले. चप्पल वाटेत कुठेतरी निघाली. टाकी दोन बिल्डिंगांच्या मागे होती. झाकण उघडं. शेजारी ब्लोअर, बंद. दोन कामगार तोंडाशी वाकून हाका मारत होते. आतून उत्तर येत नव्हतं.

“आत्ता तर बोलत होता,” एक जण म्हणाला.

तन्मय माझ्यामागून आला आणि थेट शिडीकडे गेला. मी कॉलर धरून त्याला मागे ओढलं. “उतरायचं नाही! दुसरा उतरतो तोही मरतो!” इतक्या जोरात मी वर्गातही कधी ओरडले नव्हते.

मागोमाग धावत आलेल्या दत्ताने ब्लोअर सुरू केला. सोपानच्या कमरेला दोरी होती. दोरीचं चित्र पडद्यावर थांबलं होतं, म्हणून त्याने ती बांधली होती. चौघांनी ओढायला सुरुवात केली. दोरी जड येत होती. आत काहीतरी भिंतीला घासत होतं. माझ्या डोक्यात एकच येत होतं, याच्या घरी कोण असेल?

सोपान वर आला तेव्हा त्याची मान लुळी होती. छाती मात्र हलत होती. त्याला मोकळ्या हवेत कुशीवर झोपवलं. थोड्या वेळाने तो खोकला, उलटी झाली, डोळे उघडले. अँब्युलन्स आली. दोन दिवसांनी तो हॉस्पिटलमधून घरी गेला.

तन्मय तिथेच फरशीवर बसून राहिला होता. “मॅम, मी फक्त इफेक्ट बदलला होता,” तो पुन्हापुन्हा म्हणत होता. मला रागवायचं होतं, पण ती शेवटची स्लाइड मीही पाहिली नव्हती. मी त्याच्याशेजारी बसले.

आता प्रेझेंटेशन आधी अशा माणसाला दाखवतो, ज्याला विषय माहीत नाही. त्याला काय कळलं ते त्याच्याच तोंडून ऐकतो. मगच पास. दरवर्षी कुणीतरी कुरकुरतं, “मॅम, सगळ्या स्लाइड्सना एकच इफेक्ट बोअर होतो.”

मी सांगते, “होऊ दे. बोअर होऊन अजून कुणी बेशुद्ध पडलेलं नाही.”