चढावरची पंधरा मिनिटं

सिंधूनं नवऱ्याले मारलं, हे मले, तिच्या शेजारणीले, तिनंच सांगितलं. देवाजीभाऊंनी भाताचा घास थुंकला अन् हिचा हात गालावर पडला. रडून रडून म्हणे, "राधाबाई, आज हात उठला, उद्या काय करीन मी?"

चार वर्षं झाली त्यांना लकवा मारून. पोलाद कारखान्याच्या कॉलनीत, सेक्टर दोनच्या दोन खोल्यांत ते पलंगावर अन् ही त्यांच्या हाकेवर. लोक म्हणत, आराम कर. डोंबलाचा आराम! बाजूच्या खोलीत पडली तरी कान तिकडंच. दिवसरात्र छाती धडधडे, दवाखान्यात तपासलं तर काहीच निघेना.

तोड काढली देवाजीभाऊंनीच. त्यांचा जन्म गेला कारखान्याच्या कोक ओव्हनवर, कोळसा भाजायच्या भट्टीवर. तिथं आगीसमोर कोणी दिवसभर उभं राहत नाही. पाळीनं जातात, जीव तोडून काम करतात अन् बाहेर येऊन बसतात. तोंड वाकडं, शब्द अर्धे, पण मले म्हणाले, "हिले कोणी... बाहेर काढतच नाही. माझी सायकल दे. जोर लावू दे."

मले हसू आलं. पन्नाशीची बाई, पदर खोचून सायकलवर! पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी पलंगापाशी बसली अन् ती रुआबांध्याकडं पुलाचा चढ चढाले गेली. दम तुटला तरी उतरायचं नाही, असं ठरवून. पंधरा मिनिटांनी आली ती लालबुंद, पायरीवरच बसली.

"अवो, छाती धडधडून राहिली, पण आज मले माहीत आहे कावून धडधडते."

मंग धडधड हळूहळू थांबली. धडधड थांबते, हेच सिंधू विसरली होती.

दोन महिने झाले. देवी नाही झाली ती. ओरडते, परवा वाटी आपटली. पलंग तोच, हाका त्याच. पण हात उठला नाही.

आता माझं ऐका. आमचे हे एकतीस तारखेले रिटायर होतात. तिचं क्वार्टर लीजवर घेतलेलं, म्हणून रिटायर होऊनही राहता येते; आमचं कंपनीचं, नोकरी संपली की सोडून गोंदियाले जाणं आलं. रोज सकाळी देवाजीभाऊंपाशी बसाल का, म्हणून मी चार दारं ठोठावली. चहा पाजला सगळ्यांनी, हो कोणी म्हटलं नाही. देवाजीभाऊंना सांगितलं, तिले सांगाची हिंमत नाही झाली.

आज सायकल टेकवून ती म्हणाली, "उद्यापासून चढ दोनदा चढीन म्हणते. बसाल न थोडं जास्त?"

देवाजीभाऊंनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

"बसीन न वं," मी म्हटलं.