साडेतीन वर्षं बाकी असताना

माझ्या बायकोची नजर जाते आहे हे मला आधी कळलं नाही. तिला कळलं होतं. चहा ओतताना तो कपाच्या कडेवरून बशीत जायचा आणि ती म्हणायची, "हात थरथरतो हल्ली." मग एकदा मुरुडच्या बाजारात बाजूने आलेली सायकल तिला दिसलीच नाही. गुडघा फुटला. तेव्हा आम्ही अलिबागला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो.

काचबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत, बराच पुढे गेलेला. डॉक्टर म्हणाले, "गेलेली नजर परत येत नाही. आहे ती टिकवायची. थेंब चुकवू नका." किती दिवस टिकेल असं मी विचारलं, तर म्हणाले, वर्ष, दीड वर्ष, काही सांगता येत नाही.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. रेवदंडा मागे पडल्यावर म्हणाली, "तुम्ही घरी असतात तर बरं झालं असतं. दिसतंय तवर." एवढंच. पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

मी तेव्हा खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या शाळेत शिकवत होतो. दोन शिक्षक, अठरा मुलं. निवृत्तीला साडेतीन वर्षं होती. स्वेच्छानिवृत्ती मिळाली असती, तेवढी सेवा कधीच झाली होती. मुलगी पुण्यात नोकरीला लागली होती, त्यामुळे पैशाची अडचण नव्हती. मी अर्जाचा नमुना आणला आणि कपाटात कपड्यांखाली ठेवून दिला.

स्वतःला मी कारणं द्यायचो. मी गेलो तर शाळा बरोबरच्या एकट्या बाईंवर पडेल. चौथीच्या मुलांची परीक्षा आहे. पावसाळा जाऊ दे, दिवाळी होऊ दे. ही कारणं खोटी नव्हती. पण खरं कारण दुसरंच होतं, आणि ते मी कुणालाच सांगितलं नाही. मला घरी बसायची भीती वाटत होती. सकाळी वाड्यात शिरलो की जाळी विणणारी माणसं मान वर करून "या गुरुजी" म्हणायची. ते थांबलं की मी कोण उरणार, हे मला कळत नव्हतं. आणि तिला एक एक गोष्ट दिसेनाशी होत जाताना दिवसभर तिच्यासमोर बसायचं, तेही मला झेपेलसं वाटत नव्हतं.

असं जवळजवळ वर्ष गेलं.

एके दिवशी वाड्यात एक म्हातारे गृहस्थ वारले म्हणून शाळा लवकर सुटली. मी अकराच्या सुमारास घरी आलो. दार उघडंच होतं. ती स्वयंपाकघरात होती, आणि तिच्या डोळ्यांवर टॉवेल घट्ट बांधलेला होता. फळीवरच्या डब्यांवरून ती हात फिरवत होती. चहाच्या डब्याला एक रबर गुंडाळलेलं होतं, साखरेच्या डब्याला दोन. तिने दोन रबरांचा डबा काढला, झाकण उघडून बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि परत ठेवला. मग पावलं मोजत शेगडीपाशी आली.

माझ्या पायाखाली काहीतरी वाजलं असावं. ती थबकली. "कोन हाय?"

मी हातातली पिशवी हळूच खाली ठेवली.

"कोन हाय? बोला की."

"मी आहे," मी म्हणालो.

तिने टॉवेल सोडला. चोरी पकडली गेल्यासारखी हसली. मी विचारलं, "कधीपासून चाललंय हे?"

"गणपतीपासनं. तुम्ही शाळेत गेलात की करते."

"कशासाठी?"

ती पाटावर बसली. माणगावकडच्या खेड्यातली ती, भातशेतीत वाढलेली. लग्नाला तीस वर्षं होऊनही बोलणं तिकडचंच राहिलं होतं. म्हणाली, "तुम्हाला शाळा सोडवत न्हाय, ते मला दिसतंय. माझ्यापायी सोडलीत तर ते तुमच्या तोंडावर रोज दिसंल. नजर गेल्यावर आवाजात ऐकू येईल. मला ते नको. त्यापरीस मीच शिकून घेते."

मी दुसऱ्या दिवशी अर्ज दिला. तीन महिन्यांची मुदत असते, ती सुरू झाली. तिला सांगितलं त्या रात्री जेवताना ती दोनदा "आणखी भात घ्या" म्हणाली.

पुढे जे केलं ते मला अजून खुपतं. मुदत संपत आली तेव्हा वरून विचारणा झाली की बदली शिक्षक मिळत नाही, शाळेचं वर्ष संपेपर्यंत थांबाल का. नाही म्हणता आलं असतं. मी हो म्हणालो, तिला न विचारता. दहा आठवडे काय, निघून जातील असं वाटलं.

त्या दहा आठवड्यांत उरलेलं गेलं.

किती गेलं ते मला निरोपाच्या दिवशी कळलं. ती पहिल्या रांगेत बसली होती. एका मुलीने तिच्यासमोर अबोलीचा गजरा धरला. तिने हसून हात पुढे केला तो मुलीच्या खांद्याच्या पलीकडे, हवेत. मुलीने हळूच तिचा हात धरला आणि गजरा त्यात ठेवला. मी भाषणाला उभा होतो. काय बोललो ते आठवत नाही.

घरी येताना तिने विचारलं, "शर्ट कुठला घातलाय?"

"तू आणलेला. निळा."

"मागल्या महिन्यात आणला तवा रंग दिसत व्हता," ती म्हणाली.

मी रडलो. रस्त्यावर, नारळाच्या वाडीच्या दगडी गडग्यापाशी उभा राहून. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. एकदाही मला बोल लावला नाही. लावला असता तर सोपं गेलं असतं.

आता दोन वर्षं झाली. घरी बसायची जी भीती होती तिच्यात काही दम नव्हता. वाड्यातली माणसं बाजारात भेटली की अजून गुरुजीच म्हणतात. घरात ती माझ्यापेक्षा सराईतपणे वावरते. आमटीला फोडणी तीच देते, मी फक्त मासे साफ करतो. संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर जातो. समोर काय आहे ते ती विचारते आणि मी सांगतो. तीस वर्षं मुलांना शिकवलं, पण हे सांगणं मला नीट जमत नाही. होड्या किती आल्या ते सांगतो, मग ती विचारते, कुठल्या रंगाच्या, आणि मला पुन्हा बघावं लागतं.