धुळ्याहून पाठवलेले तक्ते

१६ मे.
आमचे हे गेले त्याला आज एक वर्ष झालं. सकाळी वर्षश्राद्ध झालं. मुलगा आणि सून दुपारच्या गाडीने परत गेले. जळगावात आज फार ऊन आहे.

हे माझ्याशी एकदा खोटं बोलले होते. मला ते परवा कळलं.

१९५८ साल. लग्नाला पाच महिने झाले होते. हे बंगलोरला विमानांच्या रिसर्चला, मी धुळ्याला सासरी. मी मॅट्रिक. गणित चांगलं होतं.

पत्र आलं की सासरे, म्हणजे आबा, ते फोडून ओसरीवर मोठ्याने वाचायचे. घरातले सगळे बसायचे, शेजारचेही यायचे. तेव्हा बहुतेक घरी असंच होतं.

पहिल्याच पत्रात शेवटी यांनी लिहिलं, "तिला तिथे करमतं का?"

आबा वाचता वाचता थांबले. खोकले. पत्राची घडी घातली.

धाकटे दीर पुढे महिनाभर येता-जाता विचारायचे, "काय वहिनी, करमतं का?"

यांनी पुन्हा तसं काही लिहिलं नाही.

पुढच्या पाकिटात लॉग टेबलचं पुस्तक, एक सूत्र आणि नुसते आकडे. आबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "हे काय वाचू मी? सूनबाई, हे तुझं दिसतंय."

कुणीही न वाचलेलं पत्र पहिल्यांदा माझ्या हातात आलं.

विमान आवाजापेक्षा जास्त वेगाने गेलं तर त्याचा पत्रा किती तापेल, याचे तक्ते करायचे होते. प्रत्येक ओळीत वेग वेगळा, उंचीवरच्या हवेचं तापमान वेगळं. एका तक्त्याला मला आठ दिवस लागायचे. दुपारी भांडी झाली की बसायची.

सासूबाई बघत बसायच्या, अहिराणीत विचारायच्या.

"चिठ्ठी शे का पाढा शे वं?"

"पाढाच म्हणा, माय."

"वारा लागना का गार वाटस. यानं इमान तपस कसं?"

मी सांगितलं, "हवा फार वेगात येऊन पत्र्याला अडते. तिचा वेग जिरतो, त्याचीच उष्णता होते. पत्र्यालगतचा थर तापतो, तो पत्र्याला तापवतो."

त्यांनी जरा विचार केला. "मंग त्याले सांग, हळू उडाड."

मी ते खरंच तक्त्याच्या मागे लिहून पाठवलं. पुढच्या पाकिटात उत्तर होतं, "मायला सांग, साहेब ऐकत नाहीत."

एवढंच आमचं बोलणं. त्या आकड्यांत गुपित काही नव्हतं. पण ते घरात दुसऱ्या कुणाला वाचता येत नव्हते, म्हणून ते माझे होते.

हिला बंगलोरला पाठवा, असं यांनी आबांना दोनदा कळवलं. दोन्ही वेळा आबा म्हणाले, "आधी त्याचं शिक्षण पुरं होऊ दे. सून इथंच राहील."

मग ते पत्र आलं. आबांनी ओसरीवर, सगळ्यांसमोर वाचलं.

"हिने केलेले तक्ते चुकले. फॅरनहाइट तापमानात ४६० मिळवायचे असतात, हिने सेंटिग्रेडचे २७३ मिळवले. सगळं पुन्हा करावं लागेल. पोस्टाने जमणार नाही. समोर बसवून करून घेतो. लगेच पाठवा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दीरही.

माय म्हणाल्या, "चुकनी तं चुकनी. ती काय मास्तर शे का?"

आबा म्हणाले, "पोराचं वर्ष बुडायला नको. परवा चाळीसगावहून गाडीत बसवून देतो."

मला आनंद व्हायला हवा होता. मी मनमाडपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडले.

बंगलोरला पोचल्यावर मी विचारलं, "कुठले तक्ते?" हे म्हणाले, "राहू दे, मी दुरुस्त केले." शरमेने मी पुन्हा विचारलं नाही.

सहा महिन्यांनी यांचे साहेब चहाला आले. म्हणाले, "आमच्या लॅबमध्ये कॅल्क्युलेशनसाठी मुली घेतोय. तुम्ही या. तुमचं काम पाहिलंय मी."

मी म्हटलं, "नको. माझ्याकडून चुका होतात."

साहेबांनी यांच्याकडे पाहिलं. हे कपाकडे बघत होते.

मला वाटलं, यांना माझी लाज वाटते.

त्यानंतर मी गणिताला हात लावला नाही. मुलांच्या अभ्यासातसुद्धा गणित निघालं की "बाबांकडे जा" म्हणायचे.

परवा यांची कपाटातली फाइल उघडली. त्यात माझे तक्ते होते. धुळ्याहून पाठवलेले सगळे, माझ्या अक्षरात.

प्रत्येक ओळीत ४६० आहेत. एकही ओळ चुकलेली नाही. प्रत्येक ओळीवर लाल पेन्सिलीची खूण. शेवटच्या पानावर "चेक्ड, करेक्ट" आणि साहेबांची सही, तारखेसकट.

आबांना आलेलं ते पत्र माझ्याकडे आहे. चूक विसरू नये म्हणून ठेवलं होतं. सही त्याच्या तीन आठवडे आधीची आहे.

मला नेण्यासाठी खोटं बोललात. चांगलं केलंत. दुसरा रस्ता नव्हता, हे मलाही कळतं.

पण पोचल्यावर सांगायचं होतं. मी दोन दिवस बोलले नसते. मग साहेबांकडे कामाला गेले असते.

तुम्ही घाबरलात, की विसरून गेलात? पासष्ट वर्षं एका घरात राहिलो. कधीही विचारता आलं असतं, पण काय विचारायचं तेच मला माहीत नव्हतं.

मुलाला सांगितलं नाही. त्याला त्याचे बाबा तसेच राहू देत, असं सकाळी वाटलं. आता या वहीत लिहिते आहे, म्हणजे कधीतरी तोही वाचेल. वाचू दे. त्याच्या आईचं गणित बरोबर होतं.

तुम्हाला माझा नमस्कार. राग आहे, आणि तुमच्याशिवाय करमत नाही. दोन्ही खरं आहे.

कूलरमधलं पाणी संपलंय. बादली उचलवत नाही, तांब्याने भरते.