बाकावरची पिशवी

उपनगरातल्या कोर्टात मॅजिस्ट्रेट म्हणून काढलेल्या वर्षांबद्दल कोणी विचारलं की माझे दोन-तीन किस्से ठरलेले असतात. डायसखाली मांजर व्यायली तो एक, आणि चोरीच्या खटल्यातल्या आरोपीने माझ्याच स्टेनोचा मोबाइल लांबवला तो दुसरा. लोक पोट धरून हसतात. हा मात्र मी घरातसुद्धा कधी सांगितला नाही, कारण यात मी फार वाईट दिसते.

मालाडच्या एका गावठाणात राहणारी साठीची बाई होती. क्रिश्चन, फुलाफुलांचा फ्रॉक, हातात कापडी पिशवी. गावठाणाला लागून टॉवर उभा राहिला, गेटवरून त्याच्या सेक्रेटरीशी वाद झाला आणि त्याने चारचौघांत तिच्या कानाखाली वाजवली. पोलिसांनी अदखलपात्र म्हणून नुसती एन.सी. नोंदवून तिला घरी पाठवलं, म्हणून ती थेट माझ्या कोर्टात फिर्याद घेऊन आली. पहिल्याच तारखेला म्हणाली, "मॅडम, त्याला जेलबिल नको. त्याने मारलं, एवढं कोर्टाने लिवून द्यावं. पोरं बोलतात सोड ना आता. कशी सोडू?"

चार वर्षं ती प्रत्येक तारखेला आली. कधी आरोपी आजारी, कधी त्याचा वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेला, कधी मीच रजेवर. ती साडेदहालाच येऊन तिसऱ्या बाकावर बसायची. तिच्या स्वतःच्या वकिलाने कंटाळून येणं सोडलं, तिने सोडलं नाही.

त्या दिवशी महिनाअखेर होती. आमच्या नोकरीत निकाली काढलेल्या खटल्यांचे युनिट मोजतात. कमी पडले की वरून विचारणा होते आणि गोपनीय अहवालात शेरा बसतो. माझे कमी पडत होते आणि बढतीची यादी तोंडावर आली होती. (ती बढती मला मिळाली, हेही इथेच सांगून टाकते.)

बोर्डावर तिचा खटला चौथा होता. शिपायाने दारात जाऊन तीनदा पुकारा केला. कोणी आलं नाही. आरोपीचा वकील ताडकन उठला. "फिर्यादी गैरहजर आहे, मॅडम." फिर्यादी आला नाही तर अशा खटल्यात आरोपीला सोडून देता येतं, कायद्यात तशी सोय आहे. पण आमच्याकडची रीत अशी, की पहिल्या पुकाऱ्याला कोणी नसलं तर प्रकरण बाजूला ठेवायचं आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा पुकारायचं. क्लार्कने सवयीने विचारलंही, "दुपारी घेऊ ना, मॅडम?"

मी समोर पाहिलं. तिसऱ्या बाकावर तिची पिशवी ठेवलेली होती.

आमच्या मजल्यावरच्या बायकांच्या संडासाला कित्येक महिने कुलूप होतं. बायकांना तळमजल्यावर जाऊन रांग लावावी लागायची. मला ते पक्कं ठाऊक होतं, फक्त त्रास नव्हता, कारण माझ्या चेंबरला वेगळा होता. ती कुठे गेली असेल हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. दहा मिनिटं थांबायचं होतं, बस्स.

"नको," मी म्हणाले आणि ऑर्डर सांगितली. पुकारूनही फिर्यादी गैरहजर, आरोपी निर्दोष मुक्त. स्टेनोने प्रिंट काढली, मी सही केली. वकील आरोपीला घेऊन लगबगीने निघून गेला.

थोड्या वेळाने ती आली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली. झालेली ऑर्डर आता मलाही फिरवता येणार नव्हती. पण तिला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या साक्षी लिहून घेतल्या, आणि प्रत्येक पुकाऱ्याला ती मान वर करायची ते मला दिसत होतं. मला लाज वाटत होती, पण त्याहून जास्त भीती वाटत होती की ही सगळ्यांसमोर ओरडेल. ओरडली असती तर फार बरं झालं असतं.

कोर्ट उठताना क्लार्कने तिला काय झालं ते सांगितलं. मी फाइलीत डोकं घातलं. ती डायसपाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, माझंच चुकलं. मी खाली गेलेली. कोणाला तरी सांगून जायला पाहिजे होतं ना. तुम्हाला उगाच त्रास झाला."

वर दाद मागता येते, एवढं तरी सांगायचं. तेही माझ्या तोंडातून निघालं नाही.

"असू दे," मी म्हणाले.

"थँक्यू, मॅडम," ती म्हणाली.